भिंतीकडं तोंड करणारे काका

मला मदत केली ती समोरच्या खोलीतल्या काकांनी. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्हाला माझा राग येईल, आणि रागाच्या भरात कुणी कुणासाठी काय केलं ते मागं पडतं. तेव्हा मदत त्यांची आणि जे घडलं ते माझ्यामुळं, एवढं पक्कं धरून चला. त्यांचं नाव मात्र सांगणार नाही. का, ते पुढं तुमचं तुम्हालाच कळेल.

काकांची एक सवय होती. समोरच्यानं खिशातून पाकीट काढलं, फोन उघडायला आकडे दाबायला घेतले, बँकेचा कागद उलगडला, पिशवीत हात घालून काही शोधायला लागला, की काका भिंतीकडं तोंड करायचे. नुसती नजर चुकवणं नव्हे. सरळ पाठ करून उभे राहायचे. भिंतीवर काही नसायचं. उडालेला रंग, एखादा खिळा. तरी असे मन लावून बघायचे, जणू त्या खिळ्यानं त्यांना काही विचारलंय. आपलं उरकलं की आपणच सांगायचं, "झालं, काका." मग वळायचे.

"असं का करता?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आपल्याला काय करायचंय, भिया? ज्याची चीज त्याची." भिया म्हणजे भाऊ, इंदूरकडं कुणालाही म्हणतात.

"पण माझ्याकडं लपवण्यासारखं आहेच काय?"

"मग कपडे कशाला घालून राहिला तू?" काका भिंतीकडं बघतच म्हणाले. "अंदर चोरीचा माल आहे?"

मी हसलो. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं.

मी आटपाडीकडचा. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. इंग्रजी आणि गणित या दोघांनी मिळून मला नववीतून बाहेर काढलं, तेव्हा लांबच्या एका मामांनी इंदूरला सराफ्यातल्या आपल्या दुकानात आणलं. खोली स्वस्तात हवी म्हणून एअरपोर्ट रोडच्या आतल्या गल्लीत घेतली. जिन्याच्या एका बाजूला माझं दार, दुसऱ्या बाजूला काकांचं.

गलाईच्या दुकानातून घरी निघताना झडती असते. यात कुणाला वाईट वाटत नाही, तशी पद्धतच आहे. हातपाय एका परातीत धुवायचे आणि ते पाणी तिथंच सोडायचं. कपडे झटकायचे. केस विंचरून दाखवायचे, फणी कागदावर आपटायची. नखं दाखवायची. सोन्याचा कण कुठंही चिकटतो. वर्षभर मी रोज हे केलं. कुणी मला तपासतंय याचं मला काही वाटेनासंच झालं. उलट तपासून सोडलं की बरं वाटायचं, आपण चोर नाही असा रोज एक शिक्का मिळाल्यासारखा.

हे मी काकांना सांगितलं. मग म्हणाले, "तपासणी पाहिजे, भिया. सोनं आहे, तपासायलाच पाहिजे. पण तू केस विंचरायचा तेव्हा दुकानात दुसरं कोण कोण असायचं?"

"सगळेच असायचे. गिऱ्हाईक पण."

"तेच. तपासणारा एक पाहिजे. बाकीच्यांचं तिथं काय काम?"

काका स्वतः विमानतळावर कामाला होते. ज्यांना चालवत नाही अशा प्रवाशांना चाकाच्या खुर्चीतून विमानापर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. सत्तावन-अठ्ठावन वय, अंगानं काटकुळे, राखाडी गणवेश, बूट मात्र आरशासारखे. पणजोबा म्हणे इंदूर संस्थानाच्या दरबारात कारकून होते. त्यामुळं घरात मराठी होती, पण ती इंदूरची. "चावी आळ्यावर रखून जा," आळा म्हणजे कोनाडा. "अचार खतम झालं." "टाइम खोटी नको करू." महाराष्ट्र त्यांनी एकदाच बघितला होता, तोही भुसावळच्या फलाटापर्यंत. तिथं चहावाल्याशी मराठीत बोलले तर त्यानं हिंदीत उत्तर दिलं, हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

भट्टीच्या धुरानं मला खोकला लागला. मामा म्हणाले, गावाला जा. गावाला जायचं तर लोक विचारणार, आलास का परत? ते तोंड माझ्याकडं नव्हतं. दोन दिवस मी खोलीतच पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी काकांनी दार वाजवलं. आत आले नाहीत. जिन्याकडं तोंड करून म्हणाले, "जेवलास का, बेटा?"

भियाचा बेटा झालो तो त्या दिवशी.

विमानतळावर कामगारांसाठी एक कँटीन होती. काकांनी तिथं शब्द टाकला आणि मी पोहे, चहा, डाळ-भाताला लागलो. पुढची दोन वर्षं रोज दुपारी काका यायचे, हात धुवायचे, ताट घ्यायच्या आधी खिडकीतून डोकं आत घालून विचारायचे, "जेवलास का, बेटा?" स्वयंपाक्याला असं कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं, त्याचं पोट भांड्यांतूनच भरतं.

तिथं त्यांच्या गोष्टी माझ्या कानावर यायच्या. तपासणीच्या रांगेत म्हातारी माणसं गोंधळतात. पट्टा काढा, चपला काढा, बॅग उघडा. एकदा लेकाकडं दुबईला निघालेल्या एका आजीबाईंची बॅग उघडली. वरती पापड, लोणचं, आणि खाली मोठ्या माणसांना लागतात तसल्या लंगोटांची पाकिटं. मागं रांगेत तीस-चाळीस माणसं. काकांनी रिकामी खुर्ची टेबलापुढं आडवी लावली, रांगेकडं छाती आणि आजींकडं पाठ करून उभे राहिले, आणि खुर्चीचं चाक अडकल्यासारखं हलवत बसले. तपासणाऱ्या बाई कँटीनला येऊन हे सांगत होत्या. म्हणाल्या, "आपके अंकल आदमी नहीं हैं, परदा हैं परदा."

मी ते ऐकून खूप हसलो. आणि संध्याकाळी गावाकडच्या मित्रांना लिहिलं, "आमच्याकडं एक भिंतकाका आहेत."

आता त्या मित्रांचं सांगतो. गावात एसटी स्टँडच्या मागं एक दगडी कट्टा आहे. आम्ही चौघं शाळा बुडवून तिथं बसायचो. पुढं मी इंदूरला आलो, एक पुण्याला गेला, दोघं गावातच राहिले. तेव्हा आम्ही फोनवर एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'कट्टा'. परक्या गावात माणूस एकटा पडला की त्याला कुणाला तरी हसवावंसं वाटतं. मी काकांचं बोलणं हुबेहूब काढायचो. आवाज रेकॉर्ड करून टाकायचो. "भिया, टाइम खोटी नको करू." "मी उधर बघून राहिलोय, तू तुझं निपटव." तिकडून हसऱ्या तोंडांची चित्रं यायची. गावातला बाळू लिहायचा, आज भिंतकाका नाही आले का? मग मी अजून एक टाकायचो. मला वाटायचं, कट्ट्यावर माझी जागा अजून राखून ठेवलीय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

काकांचा मुलगा कॅनडात होता. कँटीनमध्ये काका अधूनमधून सांगायचे, "सकाळी मुलाचा फोन होता. तिकडं लई बर्फ पडून राहिलाय." सगळे माना हलवायचे. एक दिवस काका माझ्याकडं त्यांचा फोन घेऊन आले. अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून दे म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि सवयीनं भिंतीकडं तोंड केलं. बघा तुम्ही, फोन त्यांचा होता! तरी तोंड त्यांनीच फिरवलं.

मी अक्षरं मोठी केली. बरोबर झाली का बघायला म्हणून एक संवाद उघडला. तो मुलाचा होता. आता अक्षरं मोठी होती, न वाचून चालण्यासारखी नव्हती, अशी मी माझ्या मनाची समजूत घालत आलोय. खरं म्हणजे मी बोटानं वर सरकवत गेलो. वर, अजून वर. रोज एक ओळ. "जेवलास का, बेटा?" दुसऱ्या दिवशी, "जेवलास का, बेटा?" दिवाळीला, "जेवलास का, बेटा? फराळ केला नाही, एकट्यासाठी काय करायचं." प्रत्येक ओळीखाली एकच टिक. दुसरी कुठंच नाही. म्हणजे पोहोचतच नव्हतं. दोन वर्षं मागं गेलो तरी उत्तर सापडलं नाही.

"झालं?" काकांनी भिंतीलाच विचारलं.

"झालं, काका."

हे मला कळलंय हे त्यांना कळू न देणं, एवढंच माझं काम होतं. ते मी केलं. पण त्या रात्री कट्ट्यावर सगळं टाकलं. काकांच्या आवाजात, थोडं रडवेलं करून, "जेवलास का, बेटा? एकच टिक आली रे, बेटा." इतकं हसले सगळे! पुढं ती आमची खूणच झाली. कुणी उत्तर द्यायला उशीर केला की बाकीचे लिहायचे, जेवलास का बेटा. बाळूनं तर माझ्या नावापुढंच एकच टिक असं लिहून ठेवलं होतं.

हे लिहिताना माझे कान गरम झालेत. पण पुढं जातो.

मला शारजात एका मोठ्या स्वयंपाकघरात काम मिळालं. पासपोर्टचा फॉर्म काकांनीच भरून दिला. शिक्षणाच्या रकान्याशी थांबले. मी कँटीनमध्ये सगळ्यांना बारावी सांगितली होती. शाळेचा दाखला मी पुढं सरकवला. काकांनी तो बघितला, इयत्ता नववी, तसंच भरलं आणि दाखला घडी करून माझ्याच हाती दिला. त्या दिवशीच दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी मला चिडवलं, "बारावीवाले साहब, नमक कम है." काका शेजारीच जेवत होते. म्हणाले, "नमक बराबर आहे. तुझी जीभ फेल आहे." बस. माझं गुपित त्यांनी डाळीबरोबर गिळून टाकलं.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर वेगळी नोंद असते. आखातात कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते, आणि निघताना अधिकारी जरा जास्तच विचारतात. आमच्यासारख्यांना फसवून नेतात म्हणूनच ते असतं, पण विचारलं जातं तेव्हा आपणच फसवायला निघाल्यासारखं वाटतं. मी सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत लावले होते. आठवडाभर ती फाइल उशाला घेऊन झोपलो.

निघायचा दिवस. विमान दुपारचं. त्या तारखेला कामावर हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, हे पत्रात ठळक लिहिलेलं. काकांची ड्युटी आतच होती. मोठी बॅग सामानात देऊन मी रांगेत उभा राहिलो, माझी पाळी आली. अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. मंजुरी बघितली, पत्र बघितलं. "वहाँ लेने कौन आएगा? नंबर दिखाइए."

नंबर फोनमध्ये होता. मी फोन काढला, उघडला, त्यांच्यापुढं धरला. आणि नेमका तेव्हाच वरून बाळूचा मेसेज खाली उतरला.

"कट्ट्याशिवाय तिकडं करमायचं नाही तुला. कट्टा बॅगेत घालून ने."

अक्षरं तीच, नागरी. अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हती, पण वाचता येत होतं. कट्टा आणि बॅग हे दोन शब्द त्यांना कळले. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर तुम्हाला कळणार नाही काय झालं ते. हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

त्यांचा चेहरा बदलला. "ये कट्टा क्या है?"

मी म्हणालो, "कट्टा... हमारा कट्टा है, साब. चार लोगों का."

याहून वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

मला बाजूच्या टेबलाशी नेलं. बॅग परत मागवली. सगळं बाहेर काढलं. बनियन, शेंगदाण्याची चटणी, आईनं दिलेली वाकळ, अंगारा, आणि तळाशी नववीचा दाखला. रांगेतले लोक बघत होते. ड्युटीवरचे, कँटीनला येणारे ओळखीचे दोघंही तिथं होते. दाखला वर आला तेव्हा त्यातला एक वाकून वाचायला लागला. मला कुणी मारलं नाही, दरडावलंही नाही. अधिकारी म्हणाले, "बैग में कुछ नहीं है, ठीक है. फोन खोलिए. छुपाने को कुछ नहीं है तो डर कैसा?"

मी लगेच उघडून दिला. मला झडतीची सवय होती. माझ्याकडं सोनं नव्हतं.

पण ग्रुप सगळा मराठीत. अधिकाऱ्यांनी विचारलं, मराठी वाचणारं कोण आहे? तपासणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या, "अंकल हैं ना, व्हीलचेयर वाले." आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या फोनात काय आहे.

काका रिकामी खुर्ची ढकलत आले. टेबलावर माझं सामान पसरलेलं बघितलं आणि सवयीनं भिंतीकडं वळले. वळता वळता खुर्ची आडवी लावली, रांगेला दिसू नये अशी. अधिकाऱ्यांना पाठीशीच बोलावं लागलं.

"अंकल, इधर देखिए. ये पढ़ना है. एक-एक लाइन, हिंदी में."

"साहब, फोन इसका है. इसी से पूछ लीजिए ना."

"इसी को तो जाँचना है, इससे क्या पूछूँ?"

काका वळले. मी त्यांना तीन वर्षांत असं वळताना बघितलं नव्हतं, कुणी 'झालं' म्हणायच्या आधी. खिशातून चष्मा काढला, रुमालानं पुसला, फोन घेतला. माझ्याकडं बघून इतकंच म्हणाले, "माफ कर, बेटा. वाचावं लागून राहिलंय."

माफी त्यांनी मागितली. त्यांनी!

आधी कट्टा सोडवला. "साहब, हमारे इधर कट्टा वो, जो आप समझे. बोरी को भी कट्टा बोलते हैं, सोयाबीन का कट्टा. और इनके महाराष्ट्र में कट्टा मतलब ओटला. जिस पे बैठ के लड़के टाइम खोटी करते हैं."

"तो ये ओटला बैग में डाल के ले जाने को बोल रहा है?"

"हाँ, साहब. गाँव की याद आएगी ना इसको."

अधिकारी थोडे हसले. मला वाटलं, सुटलो. पण ते नियमाचे पक्के होते. म्हणाले, "पूरा ग्रुप देख लेते हैं. आप पढ़ते जाइए."

काका वाचायला लागले. बोटानं वर सरकवत, एक एक ओळ. "ये पूछ रहा है, तिकीट हुई क्या. ये बोल रहा है, हुई." मग त्यांचं बोट थांबलं. भिंतकाका हा शब्द आला असणार. "ये... किसी बुजुर्ग की बात है." पुढं सरकले. "फिर उसी की बात है. लड़के मजाक कर रहे हैं."

"ये ऑडियो क्या है? चलाइए."

माझा आवाज त्या टेबलावर वाजला. भिया, टाइम खोटी नको करू. मग दुसरा. मग तो. "जेवलास का, बेटा? एकच टिक आली रे, बेटा." मागं मीच हसत होतो, ते पण रेकॉर्ड झालेलं.

अधिकारी खूश होऊन म्हणाले, "अरे, ये तो बिल्कुल आप जैसा बोल रहा है!"

काकांनी चष्मा काढला. "हमारे इधर सब ऐसे ही बोलते हैं, साहब."

"मतलब क्या हुआ इसका?"

"पूछ रहा है, खाना खाया क्या, बेटा."

"बस?"

"बस. घर की बात है."

एका कागदावर लिहून घेतलं, मी वाचलं, संशयास्पद काही नाही. खाली काकांनी सही केली. माझी जबाबदारी त्यांनी त्या सहीनं आपल्यावर घेतली. त्यांनी फक्त एवढं म्हटलं असतं की साहेब, मला नीट कळत नाही, आमची मराठी वेगळी, तर ते खोटं ठरलं नसतं आणि माझं विमान गेलं असतं. ज्या मोडक्या मराठीवर मी तिघांना हसवलं, तिलाच दोन्ही कट्टे ठाऊक होते.

सामान काकांनीच भरायला घेतलं. वाकळ घडी करताना दुसरीकडं बघत होते. दाखला सगळ्यात आधी उचलून, पालथा करून फाइलीत सरकवला. फोन दिला तोही पालथा, पडदा खाली करून.

मला पाया पडायचं होतं. म्हणालो, "काका, मी..."

"टाइम खोटी होऊन राहिलाय. जा."

मी दहा पावलं गेलो आणि वळून बघितलं. ते तिथंच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं काय विचारणार, रोजची वेळच होती ती. "जेव..." एवढं म्हणाले आणि थांबले. ओठ मिटले. हातानं नुसतं पुढं जा असं केलं, खुर्ची फिरवली आणि निघून गेले.

माझा फोन उघडला, बॅग उघडली, दाखला रांगेनं वाचला, याचं मला पुढं काहीच वाटलं नाही. विमानात बसवायचं तर बघावं लागतं. त्यांनी बघितलं ते कामासाठी, आणि बघून परत दिलं. मी काकांचा फोन बघितला तो कशासाठी? आणि परत काय दिलं? माणसाच्या तोंडातले तीन शब्द मी असे वापरून टाकले की त्याला ते परत उच्चारता येईनात.

शारजाला पोचल्यावर मी आधी ग्रुप सोडला. मग काकांना लिहिलं, पोचलो, माफ करा. एकच टिक आली. दुसऱ्या दिवशी लिहिलं. एकच टिक. त्यांनी नंबर बदलला की मला बंद केलं, मला सांगता येत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही. काही महिन्यांनी कँटीनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, तू गेल्यावर काका गुपचूप जेवून जायचे, खिडकीशी थांबायचे नाहीत. मग नोकरी संपली तसे खोली सोडून धारला बहिणीकडं गेले. पत्ता कुणाकडं नाही. निरोप समारंभाला त्यांना घड्याळ दिलं, तर खोकं न उघडताच घरी घेऊन गेले म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, इथं पुन्हा सगळं सांगितलंसच की. हो. म्हणून तर नाव सांगितलं नाही. खुर्ची आडवी लावायला मला एवढंच जमलं.

इथं मी रोज दोनशे माणसांना वाढतो. सगळी आपापल्या गावाहून लांब आलेली. कुणी घरी फोन लावला की मी भांड्यांकडं तोंड करतो. हसतात मला. हसू देत.

काका, पुढच्या सुट्टीत मी आधी गावाला जाणार नाही. धारला उतरून दारोदार विचारीन, पण तुम्हाला शोधून काढीन. तुमच्या बहिणीच्या चुलीवर माझ्या हातानं स्वयंपाक करीन, तुम्हाला पाटावर बसवून वाढीन. तुम्ही फोन काढून मुलाला काही लिहायला घेतलंत, तर भिंतीकडं तोंड करून उभा राहीन, तुम्ही 'झालं' म्हणेपर्यंत. आणि तुम्ही ते तीन शब्द मला परत विचारत नाही, तोपर्यंत मी त्या घरात घास तोंडात घालणार नाही. कितीही दिवस लागू देत.